ॲडलेड ते डार्विन मोटारीने : ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी मुलखातून जाण्याआधी कोणती तयारी करावी?

दारव्ह्याचे गुरुजी

सर्व सभासदांना नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातला निवृत्त शिक्षक असून घरची कोरडवाहू शेती धाकटा भाऊ सांभाळतो. मुलगी व जावई नोकरीनिमित्त ॲडलेडला असतात. यंदा पेरणी आणि पहिली डवरणी आटोपली, की जुलैच्या मध्यावर मी, पत्नी व भाऊ असे तिघे त्यांच्याकडे जाणार आहोत. तेथून आम्ही पाचही जणांनी भाड्याच्या मोटारीने ॲलिस स्प्रिंग्ज हे शहर व उलुरू हा वाळवंटातला प्रचंड खडक पाहत थेट उत्तर टोकाच्या डार्विन शहरापर्यंत जावे, असा बेत घरात ठरतो आहे. नकाशावर हे अंतर ३,००० किलोमीटरच्या पुढे जाते, आणि उलुरूकडे वळून पुन्हा मुख्य रस्त्याला लागायचे म्हटल्यास त्यात आणखी सुमारे ५०० किलोमीटरची भर पडते.

भावाचे म्हणणे असे, की ज्याने नवतपाच्या दुपारी वावरात काम केले आहे त्याला वाळवंटाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. मला ते पटत नाही, कारण आपल्याकडे ऊन कितीही तापले तरी कोस-दोन कोसांवर कुणाची तरी विहीर, कुणाचे तरी झोपडे आणि हाकेला ओ देणारे माणूस असते. शिवाय जावईबापूंच्या मनात डांबरी महामार्ग सोडून मॅरी ते मार्ला हा भाग उडनाडाटा ट्रॅक नावाच्या कच्च्या रस्त्याने पार करण्याचे आहे. माझ्या पत्नीला मधुमेह असून तिला रोज इन्सुलिन घ्यावे लागते, म्हणून माझा जीव अधिक टांगणीला लागला आहे.

मी स्वतः समृद्धी महामार्गावर नागपूर ते मुंबई गाडी चालवली आहे आणि पांदणीतला चिखलही मला परका नाही, पण या अनुभवाचा तिकडे कितपत उपयोग होईल, आपला परवाना तेथे चालतो का, आणि जावईबापूंना होकार द्यावा की नाही, याबद्दल ज्यांनी हा मुलूख पाहिला आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

अकोटकर, सध्या ॲलिस स्प्रिंग्ज

गुरुजी, नमस्कार. मी मूळचा अकोटचा, आणि नोकरीमुळे गेली काही वर्षे ॲलिसलाच राहतो. आपल्या भावाला आदरपूर्वक सांगावेसे वाटते, की जुलैमध्ये आपली गाठ उन्हाशी पडणारच नाही. दक्षिण गोलार्धात तो ऐन हिवाळा असतो. ॲलिसला दुपारी हवा आल्हाददायक असते, पण रात्री पारा शून्याच्या खाली उतरणे अगदी नेहमीचे आहे, आणि पहाटे मोटारीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा धरलेला दिसतो. म्हणून आपल्याकडच्या स्वेटरवर भागणार नाही, जाड जॅकेट आणि कानटोप्या घ्याव्यात. वहिनींचे इन्सुलिन दिवसा उन्हापासून जपायचे हे सर्वांना ठाऊक असते, परंतु रात्री ते मोटारीत विसरले आणि गोठले तर निकामी होते. मुक्कामाच्या खोलीत ते आपल्यासोबतच आत न्यावे. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणि स्वतःच्या वापरापुरती, म्हणजे जास्तीत जास्त तीन महिन्यांची आणावीत.

ऊन नाही म्हणून धोका नाही असे मात्र समजू नये. या मुलखात माणसाला गोत्यात आणते ते अंतर. विहीर आणि हाक यांबद्दल आपण जे लिहिले, तोच या संपूर्ण प्रवासाचा गाभा आहे. ॲडलेडच्या उत्तरेला असलेल्या पोर्ट ऑगस्टा गावापासून डार्विनपर्यंतचा स्टुअर्ट महामार्ग सुमारे २,७०० किलोमीटरचा असून १९८७ पासून तो संपूर्ण डांबरी आहे. १८६१-६२ मध्ये जॉन मॅकडुअल स्टुअर्ट हा शोधप्रवासी दक्षिणेकडून उत्तर किनाऱ्यापर्यंत घोड्यांवरून ज्या भागातून गेला, साधारण त्याच भागातून हा रस्ता जातो, आणि १८७२ साली पूर्ण झालेली तारयंत्राची लाइनही त्याच अंगाने टाकलेली होती. साधी मोटार या रस्त्यावर खुशाल चालते. परंतु पोर्ट ऑगस्टा ते कूबर पेडी ५४० किलोमीटर, तेथून ॲलिस ६९० किलोमीटर, पुढे टेनंट क्रीक ५०० किलोमीटरच्या थोडे वर आणि तेथून कॅथरिन ६७० किलोमीटर, असे हे टप्पे आहेत. मधे रोडहाऊस म्हणतात ती ठिकाणे लागतात. पेट्रोल, जेवण आणि मुक्काम हे तिन्ही तेथे एकाच छपराखाली मिळते, पण दोन रोडहाऊसमध्ये २५० किलोमीटरपर्यंत अंतर असू शकते. टाकी अर्धी रिकामी झाली की भरून घ्यायची, पुढे स्वस्त मिळेल म्हणून थांबायचे नाही, हा येथील प्रत्येकाचा शिरस्ता आहे. ॲलिसच्या परिसरात साध्या पेट्रोलऐवजी कमी वासाचे एक विशेष पेट्रोल मिळते. काही वस्त्यांमध्ये तरुण मुले पेट्रोल हुंगण्याच्या व्यसनात सापडत होती, म्हणून ते आणले गेले. साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीला ते निर्धास्तपणे घालावे.

समृद्धीचा अनुभव एका बाबतीत फार कामाचा आहे. सरळसोट रस्त्यावर डोळे उघडे असूनही भान हरपते, ज्याला आपल्याकडे महामार्ग संमोहन म्हणतात, ते येथे त्याहून तीव्र आहे, कारण तासन् तास समोर वळण नाही, पूल नाही, टोलनाका नाही आणि गावही नाही. दर दोन तासांनी थांबून चालक बदलावा. उत्तरेकडील प्रांतात काही टप्प्यांवर ताशी १३० किलोमीटरपर्यंत वेगाला परवानगी आहे व दक्षिण ऑस्ट्रेलियात ११०, पण परवानगी आहे म्हणून तितका वेग ठेवलाच पाहिजे असे नाही.

रोड ट्रेनविषयी थोडे विस्ताराने लिहितो. एका ट्रकला मागे तीन-तीन ट्रेलर जोडलेले हे वाहन साडेत्रेपन्न मीटरपर्यंत लांब असते. त्याला ओलांडायचे तर समोरचा रस्ता किमान दीड किलोमीटर मोकळा दिसला पाहिजे, आणि शेवटचा ट्रेलर रस्त्यावर किंचित डावी-उजवीकडे झुलत असतो, हे ध्यानात ठेवावे. ते समोरून आले की हवेचा धक्का बसून हलकी मोटार सरकते. अशा वेळी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून डाव्या अंगाला राहावे. आपल्यासारखीच येथेही वाहतूक डावीकडून असल्यामुळे ही सवय नव्याने लावावी लागत नाही.

सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठायचा, ही मात्र अट समजावी. आपल्याकडे रात्री रोही आडवे येतात, तसे येथे तिन्हीसांजेपासून कांगारू येतात, आणि महामार्गाच्या बऱ्याच भागात कुंपण नसल्याने मोठमोठी गुरेही रस्त्यावर बसलेली असतात. जनावर समोर आले तर सरळ रेषेत ब्रेक मारावा, स्टिअरिंग झटक्याने फिरवू नये, कारण येथील बरेच जीवघेणे अपघात जनावर चुकवताना गाडी उलटून झालेले आहेत. दिवसा मेलेल्या कांगारूवर मोठे गरुड बसलेले दिसतील. पोट भरलेला गरुड जड होऊन सावकाश उडतो आणि कधी कधी गाडीच्याच दिशेने उडतो, म्हणून लांबूनच वेग कमी करावा. जुलैत ॲलिसला सूर्य सातनंतर उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा दिवसाकाठी ५०० ते ६०० किलोमीटरपेक्षा अधिक मजल धरू नये.

परवान्याबाबत : पर्यटकाला आपल्या देशाच्या परवान्यावर गाडी चालवता येते. तरी यवतमाळच्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणावा. तो एक वर्ष चालतो, आणि गाडी भाड्याने देणारे तो मागतात.

वरुडची संत्री

काका, खाण्याच्या बाबतीत दोन गोष्टी लिहिते, कारण माझ्या आईवडिलांना आणताना मला यातूनच जावे लागले.

विमानतळावर उतरण्याआधी सोबतच्या खाद्यपदार्थांची व बियाण्यांची माहिती लेखी द्यावी लागते. पापड, कुरडया, लोणचे, मसाला, तीळ, जवस, जे काही असेल ते सगळे स्पष्ट नोंदवावे. नोंदवलेली वस्तू फार तर काढून घेतात, पण न नोंदवता सापडली तर मोठा दंड होतो. शेतकरी कुटुंबाने एक गोष्ट अधिक सांभाळावी : वावरात घातलेल्या चपला-बुटांना काळ्या मातीचा कणही राहू देऊ नये, कारण मातीतून येणाऱ्या रोगांविषयी हा देश अतिशय कडक आहे. देशातल्या देशातही फळमाशीच्या भीतीने प्रांताच्या हद्दीवर फळे नेण्यास बंदी असते. दुसऱ्या प्रांतातून दक्षिण ऑस्ट्रेलियात शिरताना तर विशेषच काटेकोर तपासणी होते, म्हणून फळे पुरतील तेवढीच घ्यावीत.

रोडहाऊसमध्ये शाकाहारी माणसाला तळलेले बटाटे, टोस्ट आणि अंडी यांपलीकडे फारसे काही मिळत नाही. ॲडलेडमध्येच तांदूळ, मुगाची डाळ, पीठ आणि छोटी गॅसची शेगडी घेतली, तर कुठेही थांबून खिचडी करता येते. मधुमेह असलेल्या माणसाला वेळेवर जेवण मिळणे किती गरजेचे आहे, हे आपल्याला सांगायला नको.

चिखलदऱ्याचा वाटसरू

गुरुजी, आपल्या जावयांच्या मनात उडनाडाटा ट्रॅक का आला असावा, हे मी समजू शकतो, कारण त्या रस्त्याने मी गेलो आहे आणि माझ्या मते ऑस्ट्रेलियाचा अंतर्भाग खऱ्या अर्थाने तेथेच दिसतो. तरीही अकोटकर जे सांगतात त्याला छेद जाईल असे मी काही लिहिणार नाही. दोन्ही बाजू आपल्यासमोर ठेवतो.

हा सुमारे ६२० किलोमीटरचा कच्चा रस्ता जुन्या घान रेल्वेच्या कडेकडेने जातो. ही अरुंद मापाची रेल्वे १८९१ मध्ये उडनाडाट्यापर्यंत आणि १९२९ मध्ये ॲलिसपर्यंत पोहोचली. पुराने तिचा मार्ग वारंवार वाहून जात असे, म्हणून अखेर पश्चिमेकडून नवा मार्ग टाकून १९८० मध्ये जुना बंद करण्यात आला. दारव्हा मोतीबागेवरून पूर्वी धावणारी शकुंतला आगगाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्या ओस पडलेल्या दगडी स्थानकांसमोर उभे राहिल्यावर काय वाटेल, हे मी वेगळे सांगत नाही. अलजेबकिना येथे नील्स नदीवरचा १८९२ सालचा ५७८ मीटर लांबीचा लोखंडी पूल आजही उभा आहे, आणि खाली बहुतेक काळ नदीचे केवळ कोरडे पात्र असते.

रेल्वे नेमकी येथूनच का गेली, याचे उत्तर पाण्यात आहे. या वाळवंटाखाली ग्रेट आर्टेशियन बेसिन हा जगातील सर्वांत मोठ्या भूजलसाठ्यांपैकी एक आहे. ऑस्ट्रेलियाच्या एक पंचमांशाहून अधिक भूभागाखाली तो पसरलेला आहे. पूर्वेकडच्या डोंगरांत मुरलेले पाणी लाखो वर्षांत खडकांतून सरकत या भागापर्यंत येते आणि दाबामुळे ठिकठिकाणी आपोआप वर उसळते. वाटेत द बबलर नावाचा असा एक झरा आहे. माळावर एक उंचवटा, त्याच्या माथ्यावर लहानसे तळे, आणि त्याच्या तळाची राखाडी वाळू आतून ढकलल्यासारखी फुगते, मग फुटते आणि पुन्हा बसते. मी बराच वेळ काठावर उभा राहून ते पाहत होतो. बोअर पाचशे-सहाशे फुटांवर नेऊनही कोरडी धूळच निघालेली ज्याने पाहिली आहे, त्याला ते दृश्य विसरता येत नाही. मूळ रहिवाशांच्या वाटा हजारो वर्षे या झऱ्यांवरून गेल्या, पुढे तारांची लाइन आणि रेल्वेही त्याच ओळीने गेली.

आपल्या उपखंडातील माणसांचाही या वाटेशी संबंध आहे. १८६० पासून बलुचिस्तान, सिंध, पंजाब आणि अफगाणिस्तानातून उंट व उंटवाले आणले गेले, आणि मोटारट्रक येईपर्यंत आतल्या वस्त्यांचे धान्य, लोकर, तारांचे खांब हे सर्व त्यांनीच वाहिले. मॅरीला त्यांची मोठी वस्ती होती व मातीची मशीदही होती. मोकळे सोडलेल्या त्या उंटांचे वंशज आजही वाळवंटात रानटी होऊन फिरतात.

आता धोक्याची बाजू. रस्ता टिनाच्या पन्हाळी पत्र्यासारखा आडव्या वळ्यांनी भरलेला असतो. त्यावरून तासन् तास चालल्यावर गाडीचे नट ढिले होतात, आणि पाठीचे दुखणे असलेल्या माणसाला ते सोसत नाही. अणकुचीदार खडे टायर कापतात, म्हणून एक स्टेपनी पुरत नाही, दोन लागतात. कोरडा असताना हा रस्ता निभतो, परंतु पाऊस झाला की तेथील चिकणमातीची अवस्था आपल्या आषाढातल्या पांदणीसारखी होते. प्रशासन रस्ता बंद करते, बंद रस्त्यावर गाडी घालणाऱ्यास जबर दंड असतो, आणि आपण जेथे असाल तेथेच काही दिवस अडकू शकता.

अडकल्यास काय करावे, हे घरातील प्रत्येकाला आधीच ठाऊक असले पाहिजे. गाडी सोडून चालत निघू नये. १९६३ च्या डिसेंबरात, मॅरीहूनच निघणाऱ्या बर्ड्सव्हिल ट्रॅकवर एक पाच जणांचे कुटुंब गाडी बंद पडल्यावर पाण्याच्या शोधात ती सोडून निघाले आणि सर्वच्या सर्व तहानेने गेले. गाडी सावली देते, आणि विमानातून शोधणाऱ्याला माणूस दिसत नाही, गाडी दिसते. दरमाणशी दररोज दहा लिटर या हिशेबाने काही दिवसांचे पाणी असावे, आणि ते एकाच टाकीत न भरता वेगवेगळ्या कॅनमध्ये भरावे, म्हणजे एक फुटला तरी सगळे जात नाही. मोबाइल गावाबाहेर पडताच बंद होतो. सॅटेलाइट फोन भाड्याने मिळतो, आणि उपग्रहामार्फत संकटाची सूचना देणारे हातात मावेल एवढे बीकनही मिळते. आपण पाच जण आहात, तेव्हा यांपैकी एक तरी सोबत असल्याशिवाय डांबरी रस्ता सोडू नये.

दारव्ह्याचे गुरुजी

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. सर्व उत्तरे मी भावाला व पत्नीला वाचून दाखवली. झऱ्याचे वर्णन ऐकून भाऊ स्वतःच म्हणाला, की पाण्याचे ते ठिकाण पाहायलाच हवे, आणि आता उडनाडाटा ट्रॅकचा आग्रह जावईबापूंइतकाच त्याचाही झाला आहे. पत्नीची प्रकृती पाहता पूर्ण ६२० किलोमीटर मला योग्य वाटत नाहीत. यातून काही मधला मार्ग निघतो का? शिवाय भावाला उलुरूच्या माथ्यावर चढायचे आहे. त्यासाठी वेगळी परवानगी लागते का, आणि वाटेत प्रकृती बिघडल्यास दवाखान्याची काय सोय आहे?

अकोटकर, सध्या ॲलिस स्प्रिंग्ज

गुरुजी, मधला मार्ग आहे. कूबर पेडीहून विल्यम क्रीकपर्यंत सुमारे १६५ किलोमीटरचा कच्चा रस्ता पूर्वेला जातो. म्हणजे ट्रॅकच्या मध्यावर जाऊन परत महामार्गावर येता येते, आणि विल्यम क्रीकहून छोट्या विमानाने काटी थांडा–लेक एअर हे खाऱ्या पाण्याचे प्रचंड सरोवरही पाहता येते. त्याचा तळ समुद्रसपाटीपेक्षा १५ मीटर खाली आहे. बबलर तेथून आणखी दक्षिणेला, मॅरीच्या बाजूला आहे, तेव्हा केवळ त्यासाठी वहिनींना नेऊ नये. जावई आणि आपले बंधू यांनी फोर व्हील ड्राइव्ह घेऊन जावे, आणि आपण उभयता मुलीसह कूबर पेडीला थांबावे, असे मी सुचवेन. १९१५ साली तेथे ओपल रत्ने सापडली, आणि उन्हाळ्यातील उष्म्यामुळे लोकांनी जमिनीखालीच घरे कोरली. बाहेर उन्हाळा असो वा हिवाळा, आतली हवा चोवीस अंशांच्या आसपास असते. वहिनींना तो मुक्काम मानवेल. गावाबाहेर मात्र उघड्या खाणींची हजारो खोल भोके आहेत, तेथे पायवाट सोडून, विशेषतः फोटो काढताना मागे सरकत, चालू नये.

उलुरूवर चढणे २६ ऑक्टोबर २०१९ पासून कायमचे बंद झाले आहे. तो खडक तेथील मूळ रहिवासी असलेल्या अनंगू लोकांचे श्रद्धास्थान आहे. १९८५ मध्ये त्याची मालकी त्यांना परत मिळाली, आणि चढू नये अशी विनंती ते अनेक वर्षे करत होते. आपण गडावर अनवाणी चढणारी आणि देवाच्या टेकडीवर पाय जपून ठेवणारी माणसे आहोत, त्यामुळे बंधूंना हे समजावून सांगणे कठीण जाणार नाही. पायथ्याभोवती सुमारे दहा किलोमीटरची प्रदक्षिणेची वाट आहे. सकाळी लवकर निघून ती पूर्ण चालावी. काही जागी छायाचित्र घेण्यास मनाई असल्याचे फलक आहेत, ते पाळावेत.

दवाखान्याबाबत : ॲलिसला मोठे रुग्णालय आहे, आणि मधल्या ओसाड भागात १९२८ पासून सुरू असलेली रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस विमानाने डॉक्टर व परिचारिका पोहोचवते. महामार्गावर काही ठिकाणी रस्त्यावरच विमान उतरण्याच्या पांढऱ्या खुणा रंगवलेल्या आपल्याला दिसतील. संकटात ००० हा क्रमांक लावावा. प्रवासाचा आरोग्य विमा काढताना वहिनींचा मधुमेह त्यात स्पष्ट लिहून घ्यावा.

शेवटी जावईबापूंसाठी. गाडी ठरवण्याआधी त्यांनी भाड्याच्या करारातील कच्च्या रस्त्याचे आणि रात्री गाडी चालवण्याचे कलम शब्दन् शब्द वाचावे. साध्या मोटारीला डांबर सोडण्यास बहुतेक करारांत मनाई असते, रात्रीच्या अपघाताला अनेकदा विमा लागू होत नाही, आणि फोर व्हील ड्राइव्ह घेतली तरी हा विशिष्ट रस्ता चालतो का, हे लेखी विचारून घ्यावे लागते. ॲडलेडला घेतलेली गाडी डार्विनला सोडण्याचे वेगळे शुल्कही बरेच असते. त्याचा आकडा आधी कळला, की डार्विनपर्यंत मोटारीने यायचे की ॲलिसला गाडी परत करून पुढे विमानाने जायचे, हे आपल्याला ठरवता येईल. ॲलिसला आपण पोहोचाल तो दिवस मला कळवावा. रात्रीचे जेवण आमच्याकडेच होईल.